कुलाने तोंड फिरवलं

बिश्केक, १ फेब्रुवारी १९९८

ती. अता व ती. अपा यांस,
बुरुलचा वाकून सलाम, वि. वि.

ईद झाली, पाहुणे गेले, भांडीही घासून झाली, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. तुम्ही शेरशेनच्या मिनीबसमधून पाठवलेली घोड्याच्या मांसाची काझी पोचली. त्याने ती इंजिनाजवळ ठेवली होती, त्यामुळे तिला डिझेलचा किंचित वास लागला होता. मेलिसला तो मसाल्याचा वाटला. जावई तुम्हीच पसंत केलात, मी काय करू?

आता खरी बातमी. तिलेक उभा राहायला लागला आहे. पलंगाची कड धरून उठतो, सगळ्यांकडे एकदा बघून घेतो आणि धप्पकन बसतो. सासूबाईंनी लगेच दोरकापणीचा दिवस ठरवला, रविवार २२ तारीख. पायांत बांधायची आणि कापून पोराला चालतं करायची काळी-पांढरी दोरी त्यांनी स्वतः वळून ठेवली आहे. भांडण लागलं आहे ते एवढ्याचसाठी, की दोरी कापायची कुणी. सासूबाई म्हणतात, आमच्या कुबातने कापावी, तो चपळ आहे. कुबात म्हणजे मेलिसचा धाकटा भाऊ, टॅक्सी चालवतो तो. दोरी कापणाऱ्याची चाल पोराला लागते असं आपण मानतो, आणि ते खरं असेल तर माझा मुलगा जन्मभर बर्फावरून नव्वदच्या वेगाने, एका हाताने सिगारेट पेटवत जाणार.

मी सरळ सांगून टाकलं की दोरी माझे अता, तिलेकचे आजोबा, कापतील. त्यांची सारी नोकरी दोलोन घाटातून ट्रक नेण्यात गेली आणि ते कधी कुठे आपटले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ते खरं गं, पण भर फेब्रुवारीत म्हातारा घाट ओलांडून येणार कसा? 

तेव्हा अता, कृपा करून शेरशेनच्या मिनीबसने या. कुला घेऊनच येणार असाल (आणि ती घोडी नसून जुनी झिगुली मोटार आहे, हे एकदा कुणीतरी तिच्या तोंडावर सांगायला हवं), तर मेलिस हिवाळ्याचे चार नवे टायर पाठवतो आहे, ते लावून या. सध्याचे अपाच्या लाटण्यासारखे गुळगुळीत झाले आहेत, हे मी गेल्या खेपेला हात लावून पाहिलं आहे.

गावची टेलिफोनची तार जोडली गेली की कळवा. तोवर शेरशेनच आपलं पोस्ट. अपाच्या गुडघ्यांची काळजी घ्या, आणि माझ्यावरची माया घाटापलीकडे असले तरी पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बुरुल


आत-बाशी, ७ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस व चि. जावईबापू मेलिस यांस,
जुमादिलचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

टायर पोचले. शेरशेनने ते उतरवले तेव्हा अर्धं गाव गोळा झालं होतं. खाचा तर अशा खोल, की बोट आत जातं. तुझ्या अपाने ते बैठकीत, गोधड्यांच्या चळतीला लागून, मानाच्या जागी मांडले आहेत आणि वर तुझ्या लग्नातला भरतकामाचा पडदा टाकला आहे. येणारा-जाणारा पडदा उचलून बघून जातो. शेजारच्या म्हातारीने तर हात फिरवून दोन्ही तळवे वर केले आणि दुआ मागितली. जावयाने प्रेमाने पाठवलेली वस्तू चिखला-बर्फात घालून खराब करायची, हे आपल्या घरात झालेलं नाही आणि होणार नाही.

मिनीबसचं मात्र पुन्हा काढू नकोस. शेरशेनला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे मी दाखवलं. त्याच्या मागच्या सीटवर कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारी बसून मी नातवाच्या दोरकापणीला येऊ? विहीणबाई काय म्हणतील? आणि रस्त्यातले ढाबेवाले काय म्हणतील?

जावईबापूंना चार गोष्टी सांगायच्या आहेत, त्यांना वाचून दाखव. गेल्या हिवाळ्यात मी आलो होतो तेव्हा पाहिलं, ते सकाळी समोरच्या काचेवरचा बर्फ बशीएवढा खरवडतात आणि त्या भोकातून बघत कचेरीला जातात. रणगाडा चालवायचा असेल तर ते ठीक आहे. गाडीच्या सगळ्या काचा पुसायच्या, टपावरचा बर्फही झाडायचा. नाहीतर ब्रेक मारला की तो पुढे घसरून तोंडावर पडदा पडतो. ब्रेकवर पाय हळूच ठेवायचा, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतो तसा. उतारावर ब्रेकपेक्षा खालचा गिअर बरा. पुढच्या गाडीपासून इतकं लांब राहायचं, की तिच्या ड्रायव्हरची बायको कशी दिसते ते कळता कामा नये. रस्ता ओला, काळा, चकचकीत दिसला तर तो ओला नसतो, गोठलेला असतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, फावडं आणि मेंढीच्या कातड्याचा कोट गाडीत हवाच, आणि झोप आली तर तोंडात कुरुतचा, वाळल्या दह्याचा, खडा ठेवायचा. तो इतका आंबट असतो की मेलेलाही उठून बसेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाटेत कबरस्तान लागलं की आपण तळवे उचलून तोंडावरून फिरवतो, ओमीन म्हणतो. ते करावंच. पण बर्फावर एकाच हाताने करावं. देव एका हाताचं ओमीनही घेतो. स्टिअरिंग घेत नाही.

सुरीला धार लावून ठेवली आहे. तिलेकला आजोबांचा मुका दे. तुझ्या सासूबाईंना मानाचा सलाम, आणि तुम्हा दोघांचा आमच्याकडचा ओढा असाच राहो.

तुझे अता,
जुमादिल


आत-बाशी, ७ फेब्रुवारी

माझ्या बुरुलला,
अपाचे पोटभर आशीर्वाद.

यांनी पत्र लिहून पाकीट चिकटवलं, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. यांच्या पत्रात सगळ्या जगाला गाडी शिकवलेली असेल, ते मी न वाचता सांगते.

इथली खरी हालत अशी आहे, की तुझं पत्र आल्यापासून हे रोज गोठ्यामागे पळतात. लोकरीच्या नमद्याचे जाड बूट घालून. दोरकापणीला आधी पळायची शर्यत असते ना, जिंकेल त्याच्या हातात सुरी, त्यासाठी. मी म्हटलं, अहो, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, बाकीचे मुद्दाम मागे राहतात. तर म्हणाले, कुबात मागे राहील याची खात्री काय? काल गायसुद्धा वळून बघत होती.

गावात असं एकही घर उरलं नाही जिथे यांनी दोरी आपण कापणार हे सांगितलं नाही. नोकरी सुटल्यापासून कुणी यांना कशाला बोलावलं नव्हतं बाई. ट्रक गेला, बरोबरचे ड्रायव्हर गेले, आणि हे खिडकीशी बसून कुणाच्या गाडीचं इंजिन कसं खोकतं ते सांगत राहिले. तू बोलावलंस आणि माणूस उठून उभा राहिला. म्हणून येऊ नका असं माझ्याने म्हणवत नाही.

पण मला भीती वाटते, आणि ही गोष्ट मी तुलाच सांगते. बर्फाची भीती नाही. यांनी दोलोनवरून कधी गाडी मागे फिरवलेली नाही, त्याची भीती आहे. हवा कितीही बिघडली तरी हे पुढेच जाणार. माझं ऐकत नाहीत. तू वचन माग. तुझ्यापुढे यांचं फार चालत नाही, हे तू चार वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे.

टायरांवरचा पडदा मी रोज सकाळी झटकते. पोराला दृष्ट लागू नये म्हणून अर्चाच्या डहाळ्यांचा धूर दे. तुझी आठवण चहाच्या प्रत्येक पेल्याला होते.

तुझी अपा,
उमसुनाय


बिश्केक, ११ फेब्रुवारी

ती. अता यांस,
बुरुलचा सलाम, आणि या वेळी जरा रागाने, वि. वि.

परवा कुबात बोओमच्या खिंडीत गाडीसकट खड्ड्यात गेला. घाबरू नका, त्याला नि मेलिसला खरचटलंही नाही, फक्त टॅक्सीचं एक दार आता दोरीने बांधलं आहे. रस्त्यालगत कबरस्तान लागलं, आणि याने नव्वदच्या वेगात दोन्ही हात उचलून ओमीन केलं. मेलिस शेजारी बसला होता. तो म्हणतो, मला तुमचं पत्र त्याच क्षणी आठवलं, पण वाचून दाखवायला वेळ नव्हता. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, बघा, गाडी पडायच्या आत बाहेर उडी मारली, केवढा चपळ आहे माझा कुबात. 

म्हणून मला तुम्हीच हवे आहात. पण अता, मला वचन द्या. दोलोनवर हवा बिघडली, तर मागे फिरायचं. दोरी एक दिवस उशिरा कापली तर पोर काही पांगळं होत नाही. नातवाला आजोबा मात्र एकच उरले आहेत, मेलिसचे वडील तर तुम्ही पाहिलेच नाहीत.

दुसरं म्हणजे, ते टायर गोधड्यांजवळून उचला आणि चाकांना लावा. मेलिस रोज विचारतो, बसवले का? मी त्याला सांगितलंय की घरात बसवले आहेत. तो समजला नाही, आणि मीही समजावलं नाही.

वचनाची वाट बघते. रागावले असले तरी तुमचीच,
बुरुल


आत-बाशी, १६ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ते लिहिताना तू अपाच्या शेजारी बसली होतीस की काय असं वाटलं.

मागे फिरायचं वचन मला मागू नकोस. या घाटात माझ्याबरोबरचे कितीतरी जण मागे फिरले, पण माझा ट्रक कुणी उलट्या तोंडाने येताना पाहिला नाही. नारिनपासून कोचकोरपर्यंत कुणालाही विचार. माणसाकडे म्हातारपणी सांगायला एखादी तरी गोष्ट हवी ना? मी काळजी घेईन, एवढं तुला लिहून देतो.

काळजी म्हणजे काय ते ऐक. कुलाचा जोर मागच्या चाकांवर आहे. डिकी रिकामी असली की बर्फावर तिची कंबर हलते. म्हणून डिकीत आणि मागच्या सीटवर वजन भरतो आहे: कोळशाची दोन पोती, बटाट्याचं एक, आणि दोरकापणीसाठी जिवंत मेंढा. चांगला लठ्ठ आहे. एवढं ओझं असलं की कुला भिंतीवरही चढेल.

आणि टायर मी आणतो आहे. डिकीत. तेही वजनदार आहेत. बिश्केकला पोचलो की विहीणबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी चढवतो, म्हणजे जावयाची भेट चारचौघांना स्वच्छ दिसेल.

गुरुवारी सकाळी निघतो. चहा तयार ठेवा. तुमच्या भेटीकडे डोळे लावून,
तुझे अता


ओत्तुक, २० फेब्रुवारी

माझ्या बुरुलला,
अपाचे आशीर्वाद. आधी हे वाच: आम्ही दोघं धडधाकट आहोत, तोकोनमामाच्या घरी शेकोटीजवळ बसलो आहोत. आता पुढचं सावकाश वाच.

गुरुवारी सकाळी निघालो. मी पुढे, मेंढा मागे, आणि यांची टोपी आरशावर. नारिनपर्यंत कुला इतकी शहाण्यासारखी चालली की हे गाणं म्हणायला लागले. नारिनला यांचा ट्रकवरचा जुना सोबती कासिम राहतो, त्याच्या दारावरून चहा न घेता जाणं शक्यच नव्हतं. आत गेलो तर घर बाहेरच्या इतकंच थंड. कासिम पांघरुणात खोकत पडलेला, कोळसा संपून आठवडा झालेला, आणि बायको काही नाही काही नाही म्हणत रिकाम्या चुलीपुढे उभी. हे बाहेर गेले आणि कोळशाची दोन्ही पोती आत आणून टाकली. पोती काढताना बटाटे दिसले, आणि दिसल्यावर ते तरी परत झाकून कसे न्यायचे?  आपला सोबती गारठून पडलेला असताना कोळसा मिरवत घाट चढणं मलाही जमलं नसतं.

मग ओत्तुकला, घाटाच्या पायथ्याशी, तुझ्या तोकोनमामाकडे थांबलो. तिथे कळलं की त्याच्या मुलाने परवाच नवी सून आणली आहे. पडद्याआड पोरगी उभी, तोंड झाकलेलं. सुनेचं तोंड बघायचं म्हणजे हातात काहीतरी ठेवावं लागतं, आणि आमच्या हातात होता फक्त मेंढा. तो दिला. सून फार गोड आहे, मेंढ्याच्याच काय उंटाच्याही मोलाची आहे. वहिनीने डिकी बोर्सोकांनी गच्च भरून दिली. पण तळलेल्या पिठाच्या पुऱ्यांना वजन कसलं? उचलल्या तर हवा उचलल्यासारखं.

अशी आमची कुला, डिकीत बोर्सोक आणि तुझ्या नवऱ्याचे चार नवे टायर, चाकांना जुने गुळगुळीत, दोलोन चढायला लागली. दुपार होती पण वाऱ्याने बर्फ असा आडवा मारला होता, की मला बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. हे म्हणाले, असा तर नेहमीच असतो. दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरांचं ते कबरस्तान आहे ना, लोखंडी चंद्रकोरींचं? मी सवयीने तळवे उचलले. आणि माझं बघून यांनीही. दोन्ही.

हो, दोन्ही. जावयाला एका हाताने करायला शिकवणाऱ्या याच माणसाने.

कुलाची कंबर हलली. मग तिने अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, अर्धी गिरकी घेतली आणि बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. तोंड ओत्तुककडे. मागचं चाक दरीच्या कडेपासून किती लांब राहिलं होतं, ते बघायला मी उतरले नाही. हे उतरले. परत येऊन बसले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. बोर्सोक सगळ्या गाडीभर उडाले होते, एक यांच्या टोपीत बसला होता, पण आम्हाला हसू आलं नाही.

 मग हे हळूच म्हणाले, कुलाने तोंड फिरवलं आहे. वाट ओळखणाऱ्या जनावराशी हुज्जत घालू नये. पहिला गिअर टाकला आणि आम्ही खाली आलो.  मी यांचा हात धरला, तर म्हणाले, सोड, गिअर बदलायचा आहे. पण शेवटपर्यंत गिअर बदलला नाही.

पायथ्याशी शेरशेन वर चढताना भेटला. आम्हाला उलट्या तोंडाने येताना बघून त्याने गाडी थांबवली, उतरला आणि टोपी काढून उभा राहिला, कुणाचं मयत चालल्यासारखा. आज सकाळपर्यंत सगळ्या नारिनला कळलं आहे.

घाट बंद केला आहे. उद्या बुलडोझरच्या मागून शेरशेन निघणार आहे, त्याच्याजवळ हे देते. हे कोपऱ्यात बसून तुला काहीतरी लिहीत आहेत. चार ओळी लिहायच्या आणि कागद फाडायचा, असं दुपारपासून चाललं आहे. तू त्यांना सांभाळून उत्तर दे.

तुझी अपा


ओत्तुक, २१ फेब्रुवारी

चि. बुरुल हिस,
आशीर्वाद, वि. वि.

अपाने सगळं लिहिलं असेल. तिला माणसाची अब्रू झाकून लिहिता येत नाही.

मी दोलोनवरून मागे फिरलो. कुलाने तोंड फिरवलं असं मी इथे सगळ्यांना सांगितलं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तिला पुन्हा घाटाकडे वळवता आली असती. जागा होती. मी स्टिअरिंगला हात लावला, आणि शेजारी तुझी अपा मांडीत हात घेऊन बसली होती. माझ्याने वळवली गेली नाही.

उद्याची दोरी कुबातला कापू दे. तो तरुण आहे, चपळ आहे, खड्ड्यात पडूनही त्याला खरचटलं नाही असं तूच लिहिलंस. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या म्हाताऱ्याची चाल पोराला कशाला? मी लोकांपुढे सुरी हातात घेऊन उभा राहीन आणि सगळ्यांना दोलोन आठवेल. शेरशेनने बुलडोझरमागून चल म्हणून फार आग्रह केला, पण मी नाही म्हटलं. हवा उघडली की आम्ही घरी परत जातो.

सुरी शेरशेनजवळ पाठवतो आहे. धार चांगली आहे.

टायर तोकोनच्या अंगणात चढवले. बर्फाला फार घट्ट धरतात. हे मेलिसला सांगू नकोस.

पोराला मुका दे. तुमच्या सगळ्यांची माफी मागून,
अता


बिश्केक, २२ फेब्रुवारी

ती. अता यांस,
तुमच्या बुरुलचा सलाम. माफी तुम्ही नका मागू, ती मी मागणार आहे, कारण आज मी सासरच्या सगळ्या गोताला उपाशी उभं केलं.

झालं असं. तुम्ही आला नाहीत म्हणून मी सकाळपासून खिडकीत उभी होते. सासूबाई म्हणाल्या, पाहुणे किती वेळ थांबतील? तिलेकच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधली, त्याला अंगणात गालिच्यावर उभं केलं. शर्यत सुटली. कुबात सगळ्यांच्या कितीतरी पुढे आला, सासूबाईंनी त्याच्या हातात सुरी दिली, आणि तेवढ्यात शेरशेन फाटकातून आत आला. त्याने तुमची सुरी आणि दोन्ही पत्रं माझ्या हातात ठेवली. 

मी तिथेच, सगळ्यांसमोर, दोन्ही पत्रं वाचली. मग जाऊन तिलेकला दोरीसकट उचलून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, हे काय? मी म्हटलं, आज दोरी कापायची नाही. त्या खूप बोलल्या, ते लिहीत नाही. शेरशेनने दोलोनचं सांगितलं होतंच, त्यावरून त्या म्हणाल्या, घाटातून परत फिरलेल्या माणसाची चाल पोराला हवी कशाला? तेव्हा मी जे बोलले, ते तुम्हालाही सांगते.

मला माझ्या मुलाला तीच चाल हवी आहे. पुढे जाणारे पाय सगळ्यांचेच असतात. कुबातचे आहेत, त्या वळणावर लोखंडी चंद्रकोरींखाली जे निजले आहेत त्यांचेही होते. त्यांतला एकजण तिथून मागे फिरला असता तर त्याच्याही नातवाची दोरी त्याने कापली असती. माझे अता सगळा घाट बघत असताना अपाकडे बघून मागे फिरले. लहानपणी तुम्ही ट्रक घेऊन निघालात की मी दाराशी बसून रडायची, आठवतं? तुम्ही कधी मागे फिरत नाही याचा तुम्हाला अभिमान होता, आणि मला त्याचीच भीती वाटायची. इतकी वर्षं सांगायचं राहिलं.

 मग कुबात पुढे आला आणि त्याने सुरी आईच्या हातात परत दिली. तिला म्हणाला, खड्ड्यात पडल्यापासून मलाही या पोराला माझे पाय द्यायची धास्ती वाटत होती, पण तुझ्यापुढे कोण बोलणार. त्यावर सासूबाई आत जाऊन पाहुण्यांची पानं वाढायला लागल्या. म्हणजे होकार.

दोरी न कापता सोडून ठेवली आहे. शेरशेन हे पत्र घेऊन उद्या परत निघेल आणि तुमच्याकडे चहा घेईल. हवा उघडली तरच निघा. त्याच्या मागे राहा, पण इतकं लांब, की त्याची बायको कशी दिसते ते कळता कामा नये. कुठेही बिघडलं तर मागे फिरा. आम्ही मे महिन्यातसुद्धा दोरी कापू. तोवर त्याला हवं तर मी कडेवर घेऊन फिरेन.

तुम्ही मागे फिरलात म्हणून जिवात जीव आलेली,
बुरुल


बिश्केक, १५ मार्च

ती. अता व ती. अपा यांस,
बुरुल, मेलिस आणि आता स्वतःच्या पायांवर उभा असलेला तिलेक, या तिघांचे सलाम, वि. वि.

तिलेकची दोरी कापून तुम्ही सुखरूप घरी पोचलात, आणि जाताना ओत्तुकला जेवून गेलात, हे शेरशेनकडून कळलं. कासिमकाकांकडे कोळसा अजून आहे हेही कळलं. मेलिसने तुमचं ते जुनं गुळगुळीत टायर ठेवून घेतलं आहे. त्याला वाटतं की ते आठवण म्हणून तुम्ही दिलंत. मी त्याला सांगितलं नाही की तुम्ही ते विसरलात. मी बैठकीत ठेवलं आहे, पडदा मात्र घातलेला नाही.

इथे अजून तुमच्या शर्यतीचं बोलणं चालतं. कुबात इतका हळू पळाला की मध्येच थांबून त्याने बुटाची नाडी बांधली, आणि त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत. तरी तुम्ही शेवटी धापा टाकत होतात. अपा, त्यांना गोठ्यामागे पळायला पुन्हा लावा.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते आहे ते सांगते. तिलेक चालतो. तुम्ही गेल्यापासून तिसऱ्या दिवशी सुटला. पलंगापासून दारापर्यंत जातो, दार बघतो आणि परत येतो. आम्ही टाळ्या वाजवतो, तर पुन्हा जातो.

परवा इथे पुन्हा गोठलं. मी पाणी आणायला बादली घेऊन बाहेर पडले, दार लोटायचं राहिलं. वळून बघते तर तिलेक उंबऱ्याशी उभा. पुढे सगळं अंगण काचेसारखं. माझ्या हातात भरलेली बादली, आणि मी इतकी लांब की धावले असते तर मीच पडले असते. त्याने एक पाय बाहेर टाकला. तो सरकला. त्याने दोन्ही हातांनी चौकट धरली, पाय आत घेतला, थोडा वेळ त्या बर्फाकडे बघत उभा राहिला. आणि मग वळून, डुलत डुलत, घरात गेला.

आत सासूबाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, पोराला जवळ ओढून त्याचे दोन्ही तळपाय हातांत घेऊन चोळले आणि म्हणाल्या, आजोबांवर गेला आहे. मी बादली तिथेच ठेवली आणि अंगणात उभी राहून रडले, अता.

उत्तराची घाई नाही, घाटाची हवा बघून पाठवा. लोभाची मात्र घाई आहे, तो आधी येऊ द्या.

तुमची,
बुरुल